रात्रभर ९७ अंशांवर चालणारा लॅपटॉप: काळजी कशाची करायची?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

माझं काम रेणूंच्या सिम्युलेशनचं. मुख्यतः ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर. मोठ्या मशीनवर वेळ मिळतो, पण तिथे रांग असते, म्हणून लहान-मध्यम कामं लॅपटॉपवर लावून झोपतो. प्रोसेसर इंटेल आय७-१२७००एच. काम सुरू झालं की मिनिटाच्या आत तापमान ९५ च्या वर जातं आणि सकाळपर्यंत ९५ ते ९८ मध्ये घुटमळत राहतं. पंखा पूर्ण वेगाने. मशीन अडकत नाही, बंद पडत नाही, उत्तरंही बरोबर येतात.

आंतरजालावर शोधलं तर अर्धे लोक म्हणतात ‘८० च्या वर गेला तर चिप मेली समजा’, उरलेले म्हणतात ‘काही होत नाही, चालवा बिनधास्त’. मला कारणासकट उत्तर हवंय. रोजचे सहा-आठ तास असं चालवल्याने नेमकं काय झिजतं?

हेकट

तुम्ही तुमची गाडी रोज आठ तास लाल रेषेवर पळवाल का? मग लॅपटॉपवर का? एवढं जड काम करायला डेस्कटॉप असतो. धागा संपला. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

अर्धवाहक

हेकट, दिवे घेतले, पण उपमा बसत नाही. इंजिन झिजतं ते घर्षणाने. चिपमध्ये एकमेकांवर घासणारं काहीच नसतं. तिचं वय वेगळ्या वाटेने वाढतं, त्याकडे येतो.

आधी ९७ म्हणजे काय ते. १२७००एच ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस, इंटेलच्या भाषेत टी-जंक्शन. चिपच्या आतले संवेदक या मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत ते सतत मोजत असतात. रेषा गाठली की प्रॉकहॉट नावाचा सिग्नल उठतो आणि प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज उतरवतो. तेवढ्याने भागलं नाही, समजा हीटसिंकच (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) निसटला, तर त्याच्याही बऱ्याच वर थर्मट्रिप आहे, तो थेट वीज तोडतो.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरून हीटसिंक काढून दाखवला होता. इंटेलचा पेंटियम ४ संथ होऊन जिवंत राहिला आणि स्पर्धक एएमडीच्या त्या काळच्या अ‍ॅथलॉनचा धूर निघाला. ‘तापला की जळतो’ ही भीती तेव्हाची आहे आणि तेव्हा ती रास्त होती. आज तशी संरक्षण व्यवस्था नसलेला लॅपटॉप प्रोसेसर तुम्हाला मिळणार नाही.

आता तो ९७ वरच का चिकटतो? या चिपची बेस पॉवर ४५ वॉट आणि टर्बोची (थोड्या वेळाच्या वाढीव वेगाची) कमाल ११५ वॉट. दोन मर्यादा असतात: पीएल२ म्हणजे थोड्या वेळाची धाव, पीएल१ म्हणजे सतत टिकवायची. पातळ लॅपटॉपचा हीटसिंक ११५ वॉट रात्रभर बाहेर टाकूच शकत नाही. तरी बरेच निर्माते पीएल१ सुद्धा ४५ च्या बराच वर ठेवतात, कारण चाचण्यांत आकडे चांगले दिसतात. मग पॉवरची मर्यादा येण्याआधी तापमानाची मर्यादा येते, आणि चिप तिच्यावर टेकून चालत राहते. तुमच्याकडे हेच चाललंय.

एएमडीने तर २०२२ मध्ये रायझन ७००० डेस्कटॉप मालिकेच्या वेळी उघडच सांगितलं होतं की पूर्ण भाराखाली ९५ अंश हे ठरवून गाठायचं तापमान आहे.

झिजेबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, हा लांबला.

पिंपळपान

वाचतेय. झिजेबद्दल इस्कटून सांगा, आमच्यासारख्यांनाही कळेल असं.

अर्धवाहक

पिंपळपान, प्रयत्न करतो.

चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की त्यातून धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत नेतात. एका जागी पोकळी होते, दुसरीकडे ढीग. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचं समीकरण मांडलं आणि ते अजून वापरात आहे. त्यात आयुष्य दोन गोष्टींवर ठरतं: तारेतली प्रवाहाची घनता आणि तापमान. तापमानाचा परिणाम घातांकी. तांब्याच्या तारांसाठी गणित केलं तर ९५ वरून ८५ वर आल्यास या एका कारणाने होणारी झीज साधारण निम्मी होते.

हे वाचून घाबरू नका. निम्मी कशाच्या, हे महत्त्वाचं. चिपची रचनाच कमाल तापमान आणि कमाल प्रवाह धरून अनेक वर्षांच्या हिशोबाने केलेली असते. बारा वर्षांची चोवीस झाली काय आणि सहा झाली काय, तोवर तुमचा लॅपटॉप दुसऱ्याच कारणाने कपाटात गेलेला असतो. (वर्षांचे हे आकडे केवळ उदाहरणादाखल, कोणी उद्धृत करू नका.)

दुसरी झीज ट्रान्झिस्टरची. तो काळाबरोबर थोडा सुस्तावतो, त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज मागतो. इथे तापमानाइतकंच, बऱ्याचदा जास्तच, व्होल्टेज नडतं. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. सगळे कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणक भाग) रात्रभर भाराखाली असतात तेव्हा पॉवर मर्यादेमुळे वेग खाली असतो, म्हणून व्होल्टेजही कमी असतं. तुम्ही दिवसा नुसतं ब्राउझर उघडता तेव्हा एखादा कोर क्षणभर कमाल टर्बोला उडी मारतो, आणि सर्वांत जास्त व्होल्टेज त्या क्षणी लागतं. म्हणजे ‘गरम’ आणि ‘ताणाखाली’ हे दर वेळी एकच नसतं.

हेकट

सगळं ठीक, मग इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर का गेले? तेही ‘ठरवून’च का?

अर्धवाहक

चांगलं उदाहरण काढलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. :) ते डेस्कटॉपचे प्रोसेसर होते. इंटेलने २०२४ मध्ये जे कारण दिलं त्याच्या मुळाशी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज आहे. मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) चुकीमुळे प्रोसेसर वाढीव व्होल्टेज मागत होता, त्याने चिपमधला एक भाग म्हातारा होत होता आणि स्थिर चालण्यासाठी लागणारं किमान व्होल्टेज वर सरकत होतं. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. तापमानाने त्यात भर घातली असेलच. पण कोणी ‘बघा, तापून मेले’ म्हणून हे उदाहरण दिलं तर ते अर्धवट आहे.

खटपट्या

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपमध्ये खुद्द प्रोसेसर मेलेला क्वचित सापडतो. त्याच्या आजूबाजूचं सगळं मरतं.

पहिला पंखा. बेअरिंग खुळखुळायला लागतं, मग वेग पडतो, मग मालक म्हणतो ‘हल्ली जास्त तापतो’. पूर्ण वेगाने रात्र-रात्र फिरणारा पंखा लवकर जाणारच, तो झिजण्यासाठीच असतो. बदलायला सोपा, त्याचं दुःख नको.

दुसरी धूळ. लोक खालच्या जाळ्या पुसतात. खरी धूळ पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखी बसते आणि बाहेरून दिसतच नाही. बाहेरून हवा मारली तर ती सैल होऊन पंख्यावर येते. खालचं झाकण उघडून काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने गरगरतो आणि बेअरिंग जातं.

तिसरी थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्या मधला उष्णता नेणारा लेप. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, वर धातूचं टोपण नसतं. तापली की फुगते, थंड झाली की आक्रसते, आणि या हालचालीत पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. महागडी पेस्ट लावली, महिनाभर छान चालली, मग पुन्हा ९८, असं सांगणारे बहुतेक जण यातले. लॅपटॉपसाठी मी आता फेज-चेंज पॅडच लावतो. हनीवेलचं पीटीएम७९५० प्रसिद्ध आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट असतं, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतं, आणि कडेला पळत नाही.

पेस्टऐवजी लावायच्या लिक्विड मेटलबद्दल कोणी विचारणारच, म्हणून आधीच. त्यात गॅलियम असतं. ते वीज वाहून नेतं, म्हणजे एक थेंब बाजूच्या कपॅसिटरवर गेला की मदरबोर्ड गेला. आणि अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं. कारखान्यातून लावून आलेलं असेल तर राहू द्या. घरी, तेही रोज पाठीत घालून न्यायच्या मशीनवर, मी लावून देत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी.

चौथी बॅटरी. हिच्याबद्दल कोणी बोललंच नाही आणि तुमच्या वापरात सर्वांत मोठं नुकसान हिचंच होतंय. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: उष्णता आणि १०० टक्के भरलेलं असणं. तुमचा लॅपटॉप रात्रभर चार्जरला, पूर्ण भरलेला, आणि वीतभर अंतरावर हीटपाइप (चिपची उष्णता वाहून नेणारी नळी). बायोस (मशीनची मूळ सेटिंग) किंवा निर्मात्याच्या अ‍ॅपमध्ये चार्ज ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती आज लावा, बाकी सगळं उद्या.

सावली

खटपट्या, बॅटरीबद्दल +१. मी व्हिडिओ संपादन करते, एक्सपोर्टला कधी कधी पूर्ण संध्याकाळ जाते. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललं गेलेलं बघितलंय. तेव्हापासून मशीन टेबलावर असलं की चार्ज ६० वर.

अजून एक. लॅपटॉपची मागची कड इंच-दीड इंच उचलली की बराच फरक पडतो, कारण बहुतेक मशीन खालून हवा ओढतात आणि रबराच्या पायांची उंची अगदीच नावापुरती असते. पंखेवाली कूलिंग पॅडं मला काही खास वाटली नाहीत, नुसत्या उचलण्याने मिळतं त्यावर थोडंसंच. उशी-गादी तर विसराच.

आणि मांडीवर ठेवून असली कामं करू नका, हे गंमत म्हणून सांगत नाहीये. भाजत नाही इतक्या कोमट पृष्ठभागाला रोज तासन्‌तास त्वचा टेकली तर जाळीसारखे तांबूस-काळपट डाग पडतात. एरिथेमा अब इग्ने असं त्याचं वैद्यकीय नाव. पूर्वी शेकोटीशी बसणाऱ्यांना व्हायचं, आता लॅपटॉपवाल्यांचीही नोंद होते.

पिंपळपान

मग अशा कामाच्या वेळी बॅटरी काढूनच ठेवली तर?

खटपट्या

हल्ली ती आत स्क्रूने बसवलेली असते, रोज काढायची गोष्ट नाही. शिवाय काही मशीन बॅटरी नसेल तर प्रोसेसरचा वेगच दाबून टाकतात. क्षणभराचा जोराचा झटका चार्जर एकटा पुरवू शकत नाही, तिथे बॅटरी हात देते. चार्जर कमी वॉटचा असेल तर उलटंच दिसेल: चार्जर लावलेला असूनही भाराखाली बॅटरी उतरत जाते. म्हणजे रात्रभर गरम बॅटरीचं भरणं-उतरणं चालू. रात्रपाळी, तुमचा चार्जर मशीनसोबत आलेलाच आहे ना?

रात्रपाळी

हो, सोबतचाच. चार्ज मर्यादा ६० वर लावली.

हेकट यांचा ‘डेस्कटॉप घ्या’ सल्ला मान्य, पण आज हातात हाच आहे. तापमान खाली आणायचं तर वेग घालवावा लागेल, आणि मग रात्रीत काम संपणार नाही, ही माझी अडचण.

टर्मिनलवाला

वेग तुम्हाला वाटतो तेवढा जात नाही. या धाग्यात इतका वेळ कोणी सूत्र लिहिलं नाही याचं नवल वाटतं: चिपची चालू असतानाची पॉवर ही व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ भयंकर महाग पडतात. त्यात चिप गरम असली की गळतीचा (काही काम न करता वाया जाणारा) प्रवाह वाढतो, म्हणजे त्याच कामाला अजून वॉट, अजून उष्णता. हे वर्तुळ उलटं फिरवा.

लिनक्सवर असाल (ग्रोमॅक्स म्हणजे असालच) तर पॉवरकॅप या फोल्डरखाली इंटेल-रॅपल शोधा, पॉवरच्या मर्यादा तिथे असतात. पहिली मर्यादा म्हणजे पीएल१. आकडा मायक्रोवॉटमध्ये द्यायचा असतो. ४५ वॉट म्हणजे साडेचार कोटी, शून्यं मोजून घ्या. लिहिलेला आकडा गुमान स्वीकारला जातो पण फरक दिसत नाही असं झालं तर एमएमआयओ नावाची दुसरी नोंद बघा. दोन्हींत जी मर्यादा कमी ती लागू होते. टर्बोस्टॅट हे साधन चालू ठेवून वॉट, वेग आणि तापमान तिन्ही एकत्र पाहा, नुसतं तापमान बघून काही कळत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं की मर्यादा मूळपदावर जाते, म्हणजे प्रयोग करायला भीती नाही.

विंडोजवाल्यांसाठी: थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये हेच करता येतं. ढोबळ उपाय हवा असेल तर पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो. पण तो फार बोथट उपाय आहे. पॉवर मर्यादा बरी.

अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवणं) सुचवणार होतो, पण १२७००एच वर ते बहुधा कुलूपबंद मिळेल. २०१९ च्या प्लंडरव्होल्ट हल्ल्यात व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरच्या सुरक्षित भागातून गुपितं काढता येतात हे दाखवलं गेलं, त्यानंतर बायोसमधून ही सोय बंद होत गेली. चुकून उघडं असलंच तरी सिम्युलेशनच्या मशीनवर मी ते करणार नाही. मशीन कोसळलं तर निदान कळतं. न कोसळता चुकीचा आकडा आला तर प्रबंधात छापला जातो.

आणि सगळे २० थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) देताय का? या चिपमध्ये ६ मोठे कोर आणि ८ छोटे. ग्रोमॅक्समध्ये प्रत्येक पावलाला सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात, म्हणजे मोठे कोर छोट्यांची वाट बघत बसतात. फक्त मोठ्या सहा कोरांवर बांधून चालवून बघा. कमी कोर, तरी वेग तोच किंवा जास्त, असं घडू शकतं. आलटून पालटून मोजा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

हेकट

टर्मिनलवाला यांचा प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली. माझं मत मात्र तेच.

खटपट्या

एक भर घालायची राहिली. सतत ९० वर टिकलेल्या तापमानापेक्षा वर-खाली होणारं तापमान बोर्डाला जास्त त्रास देतं. डाख (सोल्डर), चिप आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, प्रत्येक चढउताराला सांधा थोडा ताणला जातो. २००७-०८ च्या सुमाराचे एनव्हिडियाचे ग्राफिक्स असलेले लॅपटॉप आठवा. चिपखालच्या डाखेचं आणि भरावाचं साहित्य कच्चं होतं, तापणं-निवणं होऊन ते तडकायचं. जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. तेव्हा लोक बोर्ड भट्टीत शेकून काही आठवडे चालवायचे, तो वेगळाच तमाशा.

म्हणून दर दहा मिनिटांनी काम थांबवून ‘थोडा निवू द्या’ म्हणणारी स्क्रिप्ट लिहू नका. असे सल्ले फिरत असतात. एकदा लावलं की सलग संपू द्या.

रात्रपाळी

करून बघितलं. आकडे देतो.

मूळ स्थितीत पहिली धाव ओसरल्यावर मशीन ६५ वॉटच्या आसपास स्थिरावत होतं, ९७ अंश. पीएल१ ४५ वॉट केल्यावर ८३-८४. पंख्याचा आवाज एवढा उतरला की दार लावायची गरज उरली नाही. त्याच कामाला वेळ १५ ते २० टक्के जास्त लागतो. वीज हिशेबात धरली तर प्रत्येक कामामागे कमीच.

मग सहा मोठ्या कोरांवर बांधून चालवलं. ४५ वॉटचीच मर्यादा. वाढलेला वेळ जवळपास सगळा भरून निघाला. सगळे थ्रेड देऊन ६५ वॉटवर जे मिळत होतं त्याच्या अगदी जवळ.

खालचं झाकण अजून उघडलेलं नाही. मशीन वॉरंटीत आहे. उघडल्याने ती जाते का?

खटपट्या

निर्मात्यागणिक नियम वेगळे. अटींचा कागद वाचा, किंवा सेवा केंद्राला लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. तुमचे आकडे बघता आत्ता उघडायची निकड नाही. ४५ वॉटला ८४ हे पातळ मशीनसाठी ठीकच आहे. हाच आकडा लिहून ठेवा. काही महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच ४५ वॉटला ९२-९३ दिसू लागला तर धूळ किंवा पेस्ट, तेव्हा उघडायचं. नुसतं ‘९७ दिसतंय’ यावरून हीटसिंक चांगला की वाईट हे कधीच कळत नाही, कारण मर्यादा मोकळी असली की सगळीच मशीन तिथे पोहोचतात.

सावली

माझ्याकडे ग्राफिक्स कार्डही भाराखाली असतं. मग ४५ वॉट लावून उपयोग होईल का?

टर्मिनलवाला

जास्तच होईल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचे हीटपाइप सामायिक असतात. प्रोसेसरचे वाचवलेले वॉट ग्राफिक्सला वापरता येतात. एक्सपोर्ट ग्राफिक्सवर होत असेल तर प्रोसेसर ३०-३५ वर आणून बघा, कदाचित एक्सपोर्ट आधीपेक्षा लवकर संपेल. एसएसडीच्या तापमानावरही नजर ठेवा. मोठ्या फायली सलग लिहिताना तीही मर्यादेला टेकून संथ होते आणि लोक प्रोसेसरला दोष देत बसतात.

अर्धवाहक

रात्रपाळी, जाता जाता: ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (काम तिथून पुन्हा सुरू करता येईल अशी नोंद) लिहितं, ते मूळ सेटिंग तसंच ठेवा. आणि झाकण बंद करून चालवत असाल तर उघडं ठेवून एकदा मोजा. काही मशीन कीबोर्डमधूनही हवा ओढतात, आणि बिजागरीपाशी बाहेर पडणारी गरम हवा बंद झाकणाला आपटून पडद्याच्या खालच्या कडेला लागत राहते.

रात्रपाळी

झाकण बंदच असतं. आज उघडं ठेवून चालवतो, आकडे उद्या टाकतो.